समोरासमोर अर्धा तास

नावडेकरांच्या नव्या घरात तीन मजले होते, अकरा खोल्या, पाच एसी, सोळा पंखे आणि तेवीस नळ. नळांपैकी दोन गळत होते. टीव्ही तीन. गच्चीवर हजार लिटरच्या दोन टाक्या. पाहुण्यांसाठी काचेच्या ग्लासांचे दोन सेट, त्यातला एक अजून खोक्यातच. माणसं चार: इलियास स्वतः, त्याची बायको गुलशन, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली थोरली मुलगी हिबा आणि धाकटी, आठवीतली जास्मीन.

ही मोजदाद करायला इलियासला कुणी सांगितलं नव्हतं. कतारमधल्या गॅस प्लांटवर इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर म्हणून एकवीस वर्षं काढली की काही सवयी अंगात मुरतात. नवं युनिट ताब्यात आलं की आधी काय काय आहे ते मोजायचं, मग काय चालतं आणि काय चालत नाही ते तपासायचं. पनवेलच्या मोहल्ल्यातलं हे घर त्याच्याच कमाईचं होतं, पण बांधकामावर उन्हातान्हात उभा राहिला तो धाकटा भाऊ शाहीद, आणि फरशीपासून पडद्यांपर्यंत सगळं निवडलं ते गुलशननं. इलियास दर वर्षी रजेवर यायचा, नव्या भिंतींवरून हात फिरवायचा आणि परत जायचा. २०१४ च्या सप्टेंबरात मात्र तो नोकरी सोडून कायमचा आला. वय सेहेचाळीस. कर्ज नाही, आजार नाही. मोहल्ल्यात लोक आपल्या पोरांना त्याचं उदाहरण देत.

गळणारे दोन नळ त्यानं दुसऱ्याच आठवड्यात दुरुस्त केले. त्यानंतर घरात बंद पडलेलं असं काहीच उरलं नाही. आणि तरी काहीतरी चालत नव्हतं.

जेवायला बसला की पापलेटचा मधला तुकडा त्याच्याच ताटात पडायचा. आंघोळीला रोज नवा टॉवेल. तो हॉलमध्ये आला की टीव्हीचा आवाज कमी व्हायचा आणि जास्मीन सोफ्यावरचे पाय खाली घ्यायची. जिना उतरताना त्याला स्वयंपाकघरातून तिघींचं हसणं ऐकू यायचं. तो दारात पोचेपर्यंत ते हसणं कुणीतरी दोरीवरचे कपडे पटापट ओढून घ्यावेत तसं आवरलेलं असायचं.

"काही हवंय का?" गुलशन विचारायची.

"नाही. असाच आलो."

"मग बसा ना तुम्ही बाहेर. मी चहा पाठवते."

चहा यायचा. पाहुण्यांच्या कपात.

त्याला तिथं नुसतं उभं राहायचं होतं, एवढंच. पण हे बोलून कसं दाखवायचं? कात्री कुठं ठेवतात हे त्याला माहीत नव्हतं. हिबाच्या मैत्रिणींची नावं तो चुकवत होता. एकदा डाळीला फोडणी द्यायला म्हणून त्यानं हौसेनं गॅस पेटवला, तर गुलशन अशी धावत आली जणू साहेबांनी झाडू हातात घेतला.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला कतारहून मेल आला. त्याची जागा अजून भरलेली नव्हती. विचार बदलला असेल तर महिनाअखेरपर्यंत कळव, असं वरिष्ठांनी लिहिलं होतं. तोच पगार, कॅम्पमधली तीच खोली. इलियासनं मेल तीनदा वाचला आणि घरात कुणाला सांगितलं नाही. त्याला एकच गोष्ट ठरवायची होती. या घराला आपली गरज आहे, की या घराला आपण पाठवत होतो त्या पैशांच्या ड्राफ्टची सवय आहे? पहिलं असेल तर राहायचं. दुसरं असेल तर तिकडची खोली काय वाईट होती?

त्याच आठवड्यात तो फ्लशच्या टाकीसाठी जादाचा वायसर शोधत सुकापूरला गेला होता. हार्डवेअरच्या दुकानावर दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत एक बोर्ड होता: 'सगळं मिळालं, तरी काहीतरी राहिलंय? रुचिरा जोगळेकर, लाइफ कोच.' इलियास वायसर खिशात टाकून बराच वेळ खाली उभा राहिला. मग त्यानं नंबर टिपून घेतला.

घरी त्यानं गुलशनला सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काय होतं?

"कोच? म्हणजे क्रिकेटचा असतो तसा?" ती मेथी निवडत होती.

"तसाच. पण जगण्याचा."

"जगायला शिकवणार? या वयात? मग एकवीस वर्षं तिकडे काय करत होतात?"

"नोकरी."

गुलशन हसली नाही, रागावलीही नाही. "जा, बरं वाटत असेल तर जा," ती म्हणाली. "कुणाला सांगू नका म्हणजे झालं. लोकांना वाटेल, इलियासला काहीतरी झालंय."

रुचिरा जोगळेकर पस्तिशीची बाई होती. आधी एका बँकेत ट्रेनिंग विभागात होती, मग पुण्याला कोर्स करून तिनं हे सुरू केलं होतं. खोलीत दोन खुर्च्या, एक छोटं टेबल आणि मनी प्लांट. कोपऱ्यात तिचा जेवणाचा डबा, अर्धा उघडा. ती ऐकत असताना मान डोलवत नव्हती, हे इलियासला आवडलं.

"सर, इथे येणारे बरेच जण तुमच्यासारखेच असतात," ती म्हणाली. "फ्लॅट आहे, गाडी आहे, मुलं चांगल्या कॉलेजात. आणि रविवारी दुपारी काय करावं कळत नाही. हे बघा, याला लाइफ व्हील म्हणतात." तिनं एक कागद पुढे केला. त्यावर वर्तुळ, आणि त्याचे आठ भाग: आरोग्य, पैसा, काम, कुटुंब, मित्र, शिक्षण, करमणूक, श्रद्धा. "प्रत्येकाला दहापैकी मार्क द्यायचे."

इलियासनं कागद उलटसुलट करून पाहिला. "हे कॅलिब्रेट कशावर केलंय?"

"म्हणजे?"

"म्हणजे माझे सात आणि तुमचे सात सारखेच, हे कशावरून?"

"सारखे नसतातच सर. स्वतःचं स्वतःशीच बघायचं. आज किती आणि महिन्यानं किती."

"अच्छा. ड्रिफ्ट बघायचा."

"हो. तेच असावं बहुतेक."

त्याचं समाधान झालं. त्यानं पेन घेऊन आकडे भरले. आरोग्य नऊ, पैसा नऊ, श्रद्धा आठ. मित्रांना पाच. कुटुंबाचा भाग त्यानं कोरा ठेवला.

"इथे शून्य समजू का?" रुचिरानं हळूच विचारलं.

"नाही नाही. शून्य वेगळं, कोरं वेगळं. आमच्या प्लांटवर शून्यालासुद्धा चार मिलिअँपिअर करंट असतो मॅडम. टाकी पूर्ण रिकामी असली तरी मीटर चार दाखवतो. त्याच्याही खाली गेला तर समजायचं, टाकीचा प्रश्न नाही, तार तुटलीय. मग टाकी भरलेली असो की रिकामी, तुम्हाला कळायचा मार्गच नाही."

"आणि तुमची तार तुटलीय."

"तेच तर माहीत नाही. म्हणून कोरं ठेवलं." त्यानं पेनाचं टोपण लावलं. "महिनाअखेरच्या आत मला उत्तर द्यायचंय. जायचं की राहायचं."

रुचिरानं त्याला काम दिलं. रोज अर्धा तास. सगळ्यांनी एकत्र बसायचं, समोरासमोर. टीव्ही बंद, सगळे फोन बंद. विषय ठरवायचा नाही, उपदेश करायचा नाही. "पहिले काही दिवस विचित्र वाटेल," ती म्हणाली. "नंतर माणसं उघडतात. मी खूप घरांत पाहिलंय."

इशाची, म्हणजे रात्रीची नमाज झाल्यावर, आठच्या सुमारास अर्धा तास बसायचं ठरलं. जास्मीननं उत्साहानं सगळ्यांचे मोबाइल गोळा करून फळांच्या टोपलीत ठेवले. लँडलाइनचा रिसीव्हरसुद्धा तिनं काढून बाजूला ठेवला, कारण नियम म्हणजे नियम. गुलशननं चांगल्या ग्लासांत कोकम सरबत आणलं. चौघं बसली.

"मग," इलियास म्हणाला, "कॉलेज कसं चाललंय हिबा?"

"बरं चाललंय."

"प्रॅक्टिकल वगैरे?"

"ती पण बरी."

"सर लोक शिकवतात नीट?"

"हो."

पंखा फिरत होता. जास्मीन एकदा अब्बांकडे, एकदा ताईकडे बघत होती. "अब्बा, ही वायवा आहे का?" तिनं विचारलं. "माझा नंबर कधी? मी भूगोल वाचून आलेय."

गुलशननं तिला डोळ्यानं दटावलं. हिबाचा हात ओढणीचं टोक गुंडाळत होता आणि सोडत होता. ती भिंतीलगतच्या स्टुलाकडे बघत होती, जिथं रिसीव्हर उताणा पडून बारीक आवाजात कण्हत होता. इलियासला वाटलं, पोरीला उठून जायचंय. त्यानं घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं झाली होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं कतारच्या गोष्टी सांगून पाहिल्या. वाळूचं वादळ, कॅम्पमधला नेपाळी आचारी, साहेबाची मांजर. तिघींनी अदबीनं ऐकलं आणि मधेमधे "हो का?" म्हटलं. तिसऱ्या दिवशी गुलशनची बहीण आली म्हणून सुटका झाली. चौथ्या दिवशी त्यानं कॅरम काढला. कॅरममध्ये बोलावं लागत नाही, एवढाच त्याचा फायदा. आठवडा गेला, दुसरा सुरू झाला. रोज इशानंतर चौघं हॉलमध्ये येत, डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखी बसत, आणि अर्धा तास संपला की तिघींचे खांदे एकदम सैल पडत. इलियासला ते दिसायचं. बारीक फरक टिपायचाच तो पगार घेत आला होता.

त्या अर्ध्या तासानंतर तो गच्चीवर जाऊन टाक्यांची झाकणं तपासायचा. तपासण्यासारखं तिथं काही नव्हतं. खालून हळूहळू आवाज सुरू व्हायचे. आधी भांड्यांचे, मग जास्मीनचा, मग हिबाचं ते मोठ्यानं हसणं. हे हसणं त्याच्या चांगलं ओळखीचं होतं. पण ते समोरून ऐकल्याचं त्याला आठवत नव्हतं. मग ते ओळखीचं कसं, हा प्रश्न त्याला पडला नाही. तो वारा खात उभा राहिला आणि कॅम्पच्या खोलीची आठवण काढत राहिला. तिथंही तो एकटाच असायचा, पण तिथं त्याला त्याचं वाईट वाटत नसे.

पुढच्या भेटीत रुचिरानं आकडा विचारला.

"दोन," इलियास म्हणाला. "म्हणजे मोजता आलं, हे एक बरं झालं."

"सर, सोडू नका. अजून एक आठवडा. फोन मात्र पक्के बंद ठेवा. मधे नोटिफिकेशन आलं की सगळं विस्कटतं."

"मॅडम, तुमचे किती हो? कुटुंबाचे?"

तिला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "माझे सहा."

"कधी मोजलेत?"

"कोर्सला होते तेव्हा." ती हसायला लागली. "तीन वर्षं झाली."

"मग कॅलिब्रेशन ड्यू आहे तुमचं," इलियास म्हणाला. आणि दोघंही थोडा वेळ हसली. हसून झाल्यावर खोली आधीपेक्षा जास्त शांत वाटली. रुचिरानं डब्याचं झाकण लावलं.

तो निघाला तेव्हा अंधार पडला होता. रिक्षा पुलाखाली आली आणि थांबली. पुढे हायवेचं काम चालू होतं, एका बाजूचा रस्ता खणलेला, ट्रक आडवा. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं आणि तंबाखू मळायला घेतली. "आता नाय हालत अर्धा तास," तो म्हणाला. इलियासनं घड्याळ पाहिलं. आठ वाजत होते. आज बैठक होणार नव्हती. जेवून घ्या एवढं सांगावं म्हणून त्यानं घरच्या लँडलाइनला फोन लावला.

पहिली रिंग पुरी व्हायच्या आत फोन उचलला गेला.

"सलाम अब्बा!" हिबा होती. आवाज उंच, घाईचा, धावत आल्यासारखा. "अब्बा, ऐका ना, आज काय झालं. टायट्रेशन होतं. मी इतकं हळू सोडत होते, थेंब थेंब, आणि त्या रुबिनानं मागून माझ्या कानात फूं केलं. अब्बा, सगळं फ्लास्क गुलाबी! भडक! सर म्हणाले, हे काय, लग्नाचं सरबत केलंय का? मी म्हटलं, सर, ग्लास आणू? सगळा वर्ग हसला. सर पण हसले, पण रीडिंग परत घ्यायला लावलं. आणि अब्बा, अम्मीला सांगू नका, जास्मीननं चांगल्या सेटमधला ग्लास फोडलाय आणि तुकडे…"

"खोटं बोलते!" मागून जास्मीन ओरडली. "अब्बा, तिनंच धक्का दिला!" मग ओढाओढ, खसखस, दोघींचं हसणं. तेच हसणं. इलियासला आता कळलं की ते ओळखीचं कसं होतं. एकवीस वर्षांपैकी जितकी वर्षं या पोरी बोलत्या होत्या तितकी वर्षं ते रोज त्याच्या कानात होतं. तिकडे पाचला ड्यूटी सुटायची, बसमधून उतरून तो थेट खोलीत जायचा, बूटसुद्धा न काढता साडेपाचला फोन लावायचा. इकडे तेव्हा आठ वाजलेले असत.

फोन गुलशनच्या हातात गेला.

"कसे आहात?" तिनं विचारलं.

चार वाजता तिनंच त्याला चहा दिला होता. "बरा आहे," तो म्हणाला.

"जेवलात?"

"नाही अजून. तुम्ही?"

"पोरींना बसवते आता. आज भरलेली वांगी केलीत. खोबरं जरा जास्त झालं." मग ती गप्प राहिली. तोही गप्प राहिला. फोनवर ते दोघं नेहमीच शेवटी असे थोडा वेळ गप्प राहत. त्याचे पैसे लागतात, हे दोघांनाही माहीत असे, आणि तरी कुणी ठेवत नसे. पुढचा ट्रक गुरगुरला, रिक्षावाल्यानं हँडल ओढलं. "ठेवतो," इलियास म्हणाला.

तो घरी पोचला. हिबानं दार उघडलं, पाण्याचा ग्लास आणून दिला आणि बाजूला उभी राहिली.

"मग, फ्लास्क गुलाबी झालं?" त्यानं विचारलं.

"हो," हिबा खाली बघत म्हणाली. "थोडंसं."

त्यानंतरच्या भेटीत रुचिरानं हे सगळं ऐकून घेतलं. तिचा पहिला प्रयत्न कोर्समधलाच होता. "सर, फोन ही सोय असते. समोर येणं टाळायची सोय."

"असेल. तुमच्या बाकीच्या लोकांच्या घरात फोन माणसांच्या मधे येत असेल. आमच्या घरात फोन हाच माणूस होता. माझ्या पोरींचा बाप त्या स्टुलावर राहत होता मॅडम. मी आलो आणि रोज आठ वाजता त्याचा रिसीव्हर काढून ठेवायला लागलो."

रुचिरानं लाइफ व्हीलचा कागद उचलला आणि टेबलाच्या खणात ठेवला. "मी चुकीचं काम दिलं तुम्हाला."

"चुकीचं नाही. रेंज चुकली. मीटर ठीक, मोजायची मर्यादा दुसरीच लावली."

"मग आता?"

"आता काय? त्यांना तिकडचा मी पाहिजे. तिकडे गेलं की प्रश्न मिटला." तो उठला. "उद्या उत्तर पाठवतो."

"सर, एक विचारू? मुलींना विचारलंत?"

"समोर विचारलं तर म्हणतील, तुमची मर्जी."

"समोर विचारा असं मी म्हटलंच नाही," रुचिरा म्हणाली.

तो जिना उतरला.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे महिन्याच्या शेवटच्या दिवशी, तो इशाची नमाज पढून मशिदीतून निघाला आणि घराकडे वळण्याऐवजी वडाळे तलावाच्या काठाला गेला. घर तिथून हाकेच्या अंतरावर. कठड्यावर बसून त्यानं फोन हातात धरला. त्याला लाज वाटत होती. चांगला घरदार असलेला माणूस स्वतःच्याच घरी फोन करायला तळ्याकाठी येऊन बसतो, हे कुणी पाहिलं तर? पाठीमागून माणसं फेऱ्या मारत जात होती. एका ओळखीच्यानं "काय इलियासभाई, हवा खाता?" म्हणून विचारलं. तो "हो" म्हणाला आणि माणूस लांब जाईपर्यंत थांबला.

आठ वाजता त्यानं फोन लावला. रिंग वाजत राहिली. कुणी उचलला नाही. शेवटपर्यंत वाजून ती बंद झाली.

त्यानं पाण्याकडे पाहिलं. पलीकडच्या काठावरचे दिवे पाण्यात लांब झाले होते. आता मेल पाठवून टाकावा, असं त्याच्या मनात आलं. त्यानं मेल उघडलासुद्धा. मग बंद केला आणि परत घरचा नंबर लावला.

"अब्बा?" जास्मीन होती. "चुकून लागला का? खिशातून?"

"नाही. मीच लावला."

"कुठे आहात? काय झालं?"

"काही नाही झालं. आठ वाजले, म्हणून केला."

पलीकडे रिसीव्हरवर हात दाबून केलेली कुजबुज. मग पावलं. मग हिबा. या वेळी तिचा आवाज घाईचा नव्हता.

"अब्बा, तुम्ही परत चाललात का?"

"कोण म्हणालं?"

"अम्मीनं माळ्यावरची मोठी बॅग काढून पुसून ठेवलीय. मी विचारलं तर म्हणाली, साहेबाचा मेल आला असेल, चेहऱ्यावरून कळतं. तुम्हाला विचारायचं नाही, असं पण म्हणाली."

पाचशे पावलांवरच्या घरात त्याची बॅग पुसून तयार होती आणि ती पुसणारीनं त्याला एका शब्दानं विचारलं नव्हतं. त्यानंही कुठं सांगितलं होतं?

"तुला काय वाटतं? जाऊ?"

"खरं सांगू? रागावणार नाही ना?"

"सांग."

"जा," हिबा म्हणाली. आणि मग तिचा आवाज फुटला. "तुम्ही तिकडे होतात तेव्हा रोज आठ वाजता मला अब्बा असायचे. दिवसभर मी साठवून ठेवायचे, हे अब्बांना सांगायचं, ते अब्बांना सांगायचं. आता हॉलमध्ये एक मोठे साहेब बसतात आणि विचारतात, सर लोक नीट शिकवतात का. मी काय बोलू त्यांच्याशी? मला त्यांची भीती वाटते अब्बा. जास्मीनला पण वाटते, ती फक्त जोक मारते."

"मला पण वाटते," इलियास म्हणाला.

"कुणाची?"

"तुमची. तिघींची. दारातून आत यायची."

ती नाक ओढत होती. मागून जास्मीन विचारत होती, काय म्हणतात, काय म्हणतात.

"हिबा, मी जात नाही," तो म्हणाला. "पण आठ वाजता मी घरात नसेन. बाहेर येऊन फोन करत जाईन. रोज."

"रोज? कुठून?"

"इथून. तळ्यावरून."

"लोक हसतील अब्बा."

"हसू देत. मी सांगेन, रेंज इथंच मिळते."

हिबा रडता रडता हसली. "बिल येईल."

"एकवीस वर्षं आयएसडीचं भरलंय. हे मोहल्ल्यातल्या मोहल्ल्यात. बोल. काय काय झालं कॉलेजात?"

ती आधी म्हणाली, काही नाही. मग म्हणाली, एक सांगायचं राहिलं होतं, सप्टेंबरपासूनचं. मग ती बोलत राहिली. रुबिनाचा साखरपुडा ठरला होता आणि तिला तो नको होता. हिबाला एम.एस्सी.ला मुंबईला जायचं होतं आणि अम्मीला कसं सांगावं कळत नव्हतं. प्रॅक्टिकलच्या सरांची बदली होणार होती. जास्मीननं दोनदा फोन हिसकावून घेतला आणि दोनदा परत दिला. इलियासनं उपदेश केला नाही. त्याला मधे जागाच मिळाली नाही. तळ्यावरची माणसं कमी होत गेली. कान तापला म्हणून त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. शेवटी गुलशन आली.

"कसे आहात?" ती म्हणाली.

"बरा आहे. बॅग वर ठेव."

बराच वेळ ती बोलली नाही. तोही बोलला नाही. "जेवायला या," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

तो घरी गेला. दार हिबानंच उघडलं. तिचे डोळे लाल होते. तिनं पाण्याचा ग्लास दिला आणि आत गेली. जेवताना गुलशननं विचारलं, अजून भात वाढू का, आणि तो म्हणाला, थोडा. जास्मीननं मीठ मागितलं. बाकी कुणी काही बोललं नाही. पापलेटचा मधला तुकडा त्याच्याच ताटात होता.

हात धुऊन तो हॉलमध्ये बसला आणि कतारला दोन ओळींचं उत्तर लिहिलं: आभारी आहे, येऊ शकत नाही. ते गेल्याची खूण आली. मग त्यानं फोनमधली कॉलची यादी उघडली. सर्वांत वर घरचा नंबर होता. त्याच्यापुढे वेळ होती: बावन्न मिनिटं, एकोणीस सेकंद.